इथवर भिजलं

सांडू दाभाडेंच्या पिवळ्या व्हॅनमध्ये अकरा पोरं बसतात, आणि अकराही घरांत आज कुठली भाजी झाली हे सांडूकाकांना सकाळी साडेसातच्या आत ठाऊक झालेलं असतं. पोरं काही म्हणता काही लपवत नाहीत. कुणाचे बाबा बुलेट घेणार, कुणाच्या आजीनं मामीला काय सुनावलं, कुणाच्या घरी काल ताट आपटलं गेलं, सगळं सिडकोच्या पहिल्या सिग्नलपर्यंत बाहेर येतं. सांडूकाका नुसतं 'व्हय का' म्हणत गिअर बदलतात. कन्नडजवळच्या आपल्या गावातून चोवीस वर्षांपूर्वी ते इथं आले, आधी टेम्पो चालवला, मग ही शाळेची व्हॅन घेतली. वय चौपन्न, मिशा पांढऱ्या, आणि स्वभाव असा की रस्त्यात दोन अनोळखी माणसं भांडताना दिसली तर गाडी बाजूला लावून मध्ये पडणार. हा गुण की खोड, यावर त्यांच्या घरी एकमत नाही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे मनकर्णाबाईंचं, मत खोड असं आहे.

अकरा पोरांत सगळ्यात कमी बोलायची ती सावनी पाठक. सातवीतली, दोन वेण्या, गुडघे कायम खरचटलेले. खरचटलेले असायचं कारण खो-खो. ही पोरगी पळायला लागली की समोरच्याला तिचा कान दिसतो आणि हात लावायला जावं तर तिथं काहीच नसतं, असं तिच्या शैला मॅडम सगळ्यांना सांगत सुटायच्या. शैला मॅडम शाळेच्या खेळाच्या शिक्षिका. चौदा वर्षांखालच्या जिल्हा संघात सावनी जाणार, हे त्यांनी दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं.

सावनीला कुठं सोडायचं हे वारावर ठरायचं. सोमवार ते बुधवार ती आईकडे सिडकोत, गुरुवार ते शनिवार बाबांकडे उल्कानगरीत, आणि रविवार एक आड एक. सात महिन्यांपूर्वी श्रीरंग आणि अमृता पाठक वेगळे राहायला लागले. तो वाळूजच्या कारखान्यात तपासणी खात्यात, ती बँकेत. दोघंही शिकलेले, समजूतदार, पोरीवर जीव टाकणारे. समोरासमोर आलो की भांडतो, आणि पोरीसमोर भांडायचं नाही, म्हणून दोघांनी मोठ्या शहाणपणानं ठरवलं की समोरासमोर यायचंच नाही. गुरुवारी सकाळी आईनं व्हॅनमध्ये बसवायची, दुपारी बाबांच्या दारात उतरवायची. रविवारी व्हॅन नसते, तेव्हा बाबांनी तिला आपल्या सोसायटीच्या फाटकाशी बाकावर बसवून निघून जायचं आणि दहा मिनिटांनी आईनं येऊन घ्यायचं. फोन होते, पण फोन लागला की दुसऱ्या मिनिटाला गाडी लग्नातल्या मानपानावर जायची. मेसेज लिहिला तर त्याचे फोटो काढून बहिणींना दाखवले जायचे. राहता राहिले सांडूकाका.

"काका, तिच्या आईला सांगा, पोरीला कालचाच मळका शर्ट घालून पाठवलाय, जरा तरी लक्ष असू द्या म्हणावं," श्रीरंग म्हणायचा.

सांडूकाका सोमवारी अमृताला सांगायचे, "साहेब म्हणत व्हते, शर्टाचा एक जोड तिकडं पण ठेवावा. तुमची धुण्याची धावपळ व्हती ना."

"धावपळ दिसली का त्यांना? आश्चर्य आहे. त्यांना सांगा, अभ्यास घेत नसाल तर निदान टीव्ही तरी बंद ठेवा."

आणि गुरुवारी श्रीरंगला निरोप मिळायचा, "मॅडम म्हणल्या, तुम्ही गणित लई बेस घेता. तेवढं इतिहासाचंही बघा."

काय खूश असायचे सांडूकाका! दोन्हीकडची धार आपण मध्ये बोथट करतो, याचा त्यांना इतका आनंद व्हायचा की घरी आल्यावर जेवताना ते दोन्ही आवाज काढून मनकर्णाबाईंना करून दाखवायचे. मनकर्णाबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "लोकाच्या तोंडात आपली साखर घालू नगा. एक दिवस अंगाशी यील." सांडूकाका हसण्यावारी न्यायचे. तीन महिने सगळं सुरळीत चाललं होतं ना!

मग डिसेंबरातला तो रविवार आला. जिल्हा संघाच्या निवड चाचणीची पहिली फेरी, सकाळी सात वाजता, गारखेड्याच्या क्रीडा संकुलात. आधीच्या आठवड्यात श्रीरंग म्हणाला, "माझी सकाळची शिफ्ट आहे. रविवार तिचा आहे, तिनंच न्यावं. नेहमी माझ्यावर ढकलते." अमृता म्हणाली, "शनिवारी रात्री ती त्यांच्याकडे आहे, तिथून संकुल दहा मिनिटांवर. त्यांनी सोडावं, मी दहाला घ्यायला जाईन. एवढं तरी करा म्हणावं." दोन्ही निरोप कडू होते. सांडूकाकांनी सवयीप्रमाणे दोन्ही गोड केले. अमृताला सांगितलं, "साहेब बघतो म्हणले." श्रीरंगला सांगितलं, "मॅडम बघते म्हणल्या." झालं.

सोमवारी सकाळी व्हॅनमध्ये शिरल्या शिरल्या संस्कृतीनं बातमी फोडली. संस्कृती चौथीतली, सावनीच्या बाबांच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी, आणि या पोरीच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"काका, काका, काल ना सावनीताई गेटवर नऊ वाजेपर्यंत उभी होती! बूट घालून! वॉचमनअंकल म्हणाले फोन लाव, तर नको म्हणाली. चहा पण नको म्हणाली. सारखी म्हणत होती, येतील, येतील. मग एकटीच चालत ग्राउंडवर गेली."

सांडूकाकांनी आरशात पाहिलं. सावनी खिडकीबाहेर बघत होती. त्यांच्या हातून गिअर खरकन् चुकला आणि मागून एका रिक्षावाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. त्या दिवशी त्यांना सिडकोची भाजी कळली नाही.

दुपारी बाकीची पोरं उतरल्यावर सावनी एकटीच उरली. सांडूकाकांनी गाडी एका कडुनिंबाखाली घेतली आणि मागं वळून विचारलं, "बाई, फोन का नाय लावला गं?"

सावनी दप्तराचा पट्टा पिळत म्हणाली, "कुणाला लावू? आईला लावला असता तर ती बाबाला बोलली असती. बाबाला लावला असता तर तो आईला."

"आणि आता? शैला मॅडम म्हणत व्हत्या, तुला येत्या रविवारी परत एक संधी हाये."

"मी नाही सांगितलं आई-बाबांना. मी नाही खेळणार आता." ती हे अगदी शांतपणे म्हणाली. "काका, मी खेळले की दोघांना यावं लागतं. आले की भांडण. नाही आले की कोण आलं नाही यावरून भांडण. खेळलंच नाही की काहीच नाही."

बारा वर्षांची पोरगी. सांडूकाकांना वाटलं, आत्ताच्या आत्ता दोन्ही घरं गदागदा हलवावीत. मग लक्षात आलं, आधी स्वतःलाच हलवायला पाहिजे.

घरी येऊन त्यांनी मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. एक शब्दही गोड न करता सांगितलं. मनकर्णाबाईंनी 'मी म्हणत नव्हते का' असं म्हटलं नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. त्या फक्त म्हणाल्या, "मामंजींनी हिरीवर काय केलं व्हतं, इसरलात जणू."

विसरतील कसे? तीस वर्षांपूर्वी सांडू आणि त्यांचा थोरला भाऊ कडुबा यांची वाटणी झाली, आणि बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं बोलणं बंद पडलं. जमीन वाटली गेली, पण विहीर एकच. पाण्याचे वार ठरले, तीन सांडूचे, तीन कडुबाचे. वर अद्रकाचा एक वाफा अजून दोघांच्या सामाईकीत. आता आपला वार संपला की कडुबा पाणी तसंच सोडून निघून जायचा, आणि सांडू आला की त्याला कळायचंच नाही की कुठवर भिजलंय. भिजलेलंच पुन्हा भिजायचं, कोरडं कोरडंच राहायचं. त्या वर्षी अर्धं अद्रक सडलं आणि अर्धं वाळलं. दोघा भावांनी दोष एकमेकांना दिला, आणि दोघंही आपापल्या परीनं खरे होते.

मग त्यांचे वडील सखाराम आबा एका पहाटे खोरं आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन बांधावर येऊन बसले. म्हणाले, वार बदलताना दोघांनीही इथं हजर पाहिजे. ज्याचा वार संपला त्यानं सांगायचं, 'इथवर भिजलं'. कुठं पाट फुटलाय, कुठं उंदरानं बीळ केलंय, ते सांगायचं. ज्याचा वार लागतोय त्यानं ऐकायचं आणि पुढं काय करणार ते बोलायचं. बाभळीचं नाव काढलं की आबा खोऱ्यानं डबा वाजवायचे. पहिल्या दिवशी डबा अकरा वेळा वाजला. अख्खी आळी कुंपणाशी गोळा झाली. महिन्याभरानं डबा घरीच राहिला. बाभळीचा निकाल आजतागायत लागलेला नाही, पण अद्रक पुन्हा कधी सडलं नाही.

"डबा!" सांडूकाका पाटावरून ताडकन उठले. "मनकर्णा, डबा!"

"आपल्याकडं कुठं हाये डबा?"

"आपल्याकडं हॉर्न हाये!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिडकोत अमृतासमोर त्यांनी इंजिन बंद केलं. सात महिन्यांत सांडूकाकांनी दारात इंजिन बंद केलं नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि कबूल केलं: मागच्या रविवारचा निरोप मी बदलून सांगितला, आणि त्याच्या आधीचेही सगळे; त्यापायी पोरगी नऊपर्यंत फाटकाशी उभी राहिली. अमृताचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी श्रीरंगला फोन करून तेच सांगितलं, आणि त्याचा आवाज चढला. ही कमाल आहे, तुम्हाला अधिकार कुणी दिला, पोरगी दोन तास थंडीत उभी राहिली. शब्दाला शब्द तेच दोघांचे. सात महिन्यांत श्रीरंग आणि अमृताचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, ती गोष्ट म्हणजे सांडूकाकांनी मोठी चूक केली.

"केली," सांडूकाका दोघांनाही म्हणाले. "म्हणून आता ऐका. मी इथून पुढं एकही निरोप नेणार नाय. उद्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजता दोघं संकुलाच्या फाटकाशी माझ्या गाडीपाशी या. सावनी तेव्हा शिकवणीला असती, तिच्या कानावर काही जायचं नाय. नाय आलात, तर गुरुवारपासून पोरीसाठी दुसरी गाडी बघा." धमकी दिली खरी, पण सावनीला सोडायची त्यांची काडीचीही तयारी नव्हती.

बुधवारी पावणेसहापासून सांडूकाका व्हॅनभोवती फेऱ्या मारत होते. येतील? नाही येणार? सहाला पाच कमी असताना श्रीरंगची मोटारसायकल दिसली. सहाला अमृताची स्कूटर. दोघं व्हॅनच्या दोन बाजूंना उभे राहिले, मध्ये बॉनेट. सांडूकाका आत ड्रायव्हरच्या सीटवर, काच खाली, हात हॉर्नवर.

त्यांनी विहिरीची गोष्ट दोन मिनिटांत उरकली आणि नियम सांगितला. "मॅडम, तुमचे तीन वार आज संपतात. पोरीचं इथवर काय झालं तेवढंच सांगायचं. साहेब, तुम्ही फकस्त ऐकायचं, आणि मग पुढल्या तीन दिवसांत काय करणार ते बोलायचं. मागलं कुणी काढायचं नाय. काढलं की मी हाये."

"हे जरा बालिश नाही का वाटत?" श्रीरंग म्हणाला.

"वाटतं ना," सांडूकाका म्हणाले. "करा."

अमृतानं घसा साफ केला. "सोमवारी तिनं जेवताना अर्धी पोळी खाल्ली. काल गुडघ्याला औषध लावलं, डाव्या. विज्ञानाची वही पूर्ण झाली. आणि मागच्या रविवारी जर यांनी..."

पॉं!

फाटकाशी बसलेला भुईमूगवाला दचकला.

"तिची चूक आहेच," श्रीरंग लगेच सरसावला, "ती कायमच..."

पॉं! पॉं!

एकूण सात वेळा हॉर्न वाजला. सातव्या वेळी भुईमूगवाला उठून जवळ येऊन उभा राहिला, की ही गाडी बिघडली आहे का बघायला. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, अमृताला हसू फुटलं. हसू आवरत ती म्हणाली, "बरं. इथवर. ती झोपायच्या आधी दप्तर भरून उशाशी ठेवते. दोनदा उघडून तपासते. तीन आठवडे झाले."

श्रीरंगनं मान वर केली. "उशाशी? माझ्याकडेही ठेवते. मला वाटलं, तुझ्याकडे शिस्त लागलीय."

"मला वाटलं, तू रागावतोस."

हॉर्नवरचा हात सांडूकाकांनी हळूच काढला.

"आणि जेवण?" अमृतानं विचारलं. "तुझ्याकडे जेवते ना नीट? तुझे पोहे तिला आवडत नाहीत म्हणते, म्हणून मी सकाळी मुद्दाम थालीपीठ..."

"माझे पोहे आवडत नाहीत?" श्रीरंग बघतच राहिला. "ती मला म्हणते, आईचं थालीपीठ नकोसं होतं, तुझे पोहे कर. मी दर शुक्रवारी करतो. दोनदा मागून घेते."

दोघांनाही आपापल्या घरी ते ऐकून आत कुठंतरी बरं वाटलं होतं, आणि ते आता दोघांच्याही तोंडावर उमटलं. अमृताचे डोळे भरून आले. श्रीरंग बॉनेटवर हात टेकून खाली बघत राहिला.

आणि आत बसलेल्या सांडूकाकांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. म्हणजे पोरगीही तेच करत होती! इकडचं तिकडं गोड करून, ज्याला जे आवडेल ते देऊन, मध्ये एकटी उभी राहून. ते चौपन्न वर्षांचे, मिशावाले, आणि त्यांना ते तीन महिने झेपलं नव्हतं. ही बारा वर्षांची पोरगी सात महिने ते काम करत होती.

"पुढं काय करणार, ते बोला," ते खाकरत म्हणाले.

ते दोघं पुढं अर्धा तास बोलले. काही ठिकाणी आवाज चढले, पण मागं कुणी गेलं नाही. भुईमूगवाल्यानं तीन पुड्या दिल्या. निघताना श्रीरंग म्हणाला, "काका, हे सांगायचं कसं तिला?" अमृता म्हणाली, "एकत्रच सांगू."

गुरुवारी दुपारी शाळा सुटली, तेव्हा फाटकाशी आई आणि बाबा शेजारी शेजारी उभे होते. सावनी जागच्या जागी थिजली. मग धावत आली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं विचारलं, "आजीला काय झालं?"

काही झालं नाही, हे पटवायला त्यांना पाच मिनिटं लागली. दोघं तिच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसले. आम्ही रविवारी दोघं येणार आहोत, अमृता म्हणाली. आम्ही एकत्र राहणार नाही, ते तसंच आहे, श्रीरंग म्हणाला, पण तुझं कुठवर काय झालं हे आता आम्ही एकमेकांना विचारू, तुला निरोप न्यायला लागणार नाही. आणि भांडण झालंच तर ते कसं थांबवायचं हे आम्ही शिकतोय. सावनीनं सांडूकाकांकडे पाहिलं. ते व्हॅनला टेकून आभाळाचं निरीक्षण करत होते.

"मी खेळले," ती सावकाश म्हणाली, "तर तुम्ही एकाच बाजूला बसायचं. तुम्ही दोन टोकांना बसता ना, मला सारखी मान वळवून बघावं लागतं. मान वळवली की मी बाद होते."

रविवार उजाडला! सांडूकाकांनी व्हॅन धुतली, इस्त्रीचा सदरा घातला, मनकर्णाबाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि साडेसहालाच संकुल गाठलं. मैदानावर पाणी मारलेलं, खांब नवे रंगवलेले, पोरींच्या अंगात वारं भरलेलं. शैला मॅडमच्या शिट्ट्या. श्रीरंग आणि अमृता पायरीवर बसले. मध्ये एका माणसाची जागा, त्या जागेत सावनीची पिशवी. एकाच बाजूला.

सावनीची तुकडी पळायला उतरली. पहिली पोरगी पंधरा सेकंदांत बाद. दुसरी त्याच्या पाठोपाठ. उरली सावनी एकटी. समोर पाठलाग करणारी कन्नडकडची एक उंच पोरगी, हात असे लांब की सांडूकाकांना आपल्या गावाचा अभिमान वाटावा की भीती, तेच कळेना. 'खो!' 'खो!' सावनी दोन बसलेल्यांमधून निसटली, खांबाला वळसा, परत निसटली. एक मिनिट झालं. लोक उभे राहायला लागले.

आणि नेमकं तेव्हा सांडूकाकांच्या कानावर मागून कुजबुज आली.

"निवड झाली तर पुढचं शिबिर नाताळच्या सुट्टीत आहे. सुट्टी माझ्याकडे ठरली होती," अमृता म्हणत होती.

"शिबिर आहे तर तुझ्याकडे काय नि माझ्याकडे काय? तुला प्रत्येक गोष्टीत..."

सांडूकाकांच्या हाताला हॉर्न सापडेना. हॉर्न दोनशे पावलांवर गाडीत! त्यांनी वळून पाहिलं. अमृताच्या कपाळाची शीर ताठ, श्रीरंगचा जबडा आवळलेला. मनकर्णाबाईंनी नवऱ्याचा सदरा मागून घट्ट धरला. "बसा खाली," त्या दातओठ खात म्हणाल्या. "त्यांचं त्यांना करू द्या."

श्रीरंग उठला. अमृताही उठली. दोघं पायऱ्या उतरून बाजूच्या झाडाखाली गेले.

मैदानावर सावनीला ते दिसलं. सांडूकाकांनी तिला बघताना पाहिलं. पायरी रिकामी, नुसती पिशवी. तिची मान वळली, पाय अडखळला, उंच पोरीचा हात पुढं आला. "सावनी, समोर!" शैला मॅडम ओरडल्या. हात वेणीच्या टोकाला लागता लागता राहिला. सावनी कशीबशी चौकात शिरली, पण तिचं लक्ष झाडाखालीच होतं. सांडूकाकांनी मनातल्या मनात आबांचा डबा बडव बडव बडवला.

झाडाखाली श्रीरंग बोलत होता, अमृता ऐकत होती. मग अमृता बोलत होती आणि श्रीरंग ऐकत होता. त्यानं मान हलवली. तिनंही. मिनिटभरात दोघं परत आले आणि पायरीवर बसले, त्याच बाजूला, तिथंच. अमृतानं मैदानाकडे हात उंच केला, पंजा उघडा, सगळं ठीक आहे असा.

मग सावनीनं मान समोर केली, आणि जी पळाली! काय पळाली! 'खो' वर 'खो' पडत होते आणि ही दर वेळी एक वीत पुढं. दोन मिनिटं. अडीच. आता अख्खं मैदान तिच्या नावानं ओरडत होतं, भुईमूगवाला टोपली डोक्यावर घेऊन ओरडत होता, मनकर्णाबाईंनी सांडूकाकांचा सदरा इतका ओढला की खांद्याची शिवण उसवली. शिट्टी वाजली तेव्हा सावनी मैदानात एकटी उभी होती, नाबाद, आणि शैला मॅडम रडत होत्या. संघाच्या यादीत तिचं नाव वाचलं गेलं, तेव्हा ते कुणाला ऐकूही आलं नाही.

श्रीरंगची मोटारसायकल आणि अमृताची स्कूटर तिथंच राहिली. तिघंही व्हॅनमध्ये शिरले, पोरांच्या बुटक्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून. एका डब्यात पोहे निघाले, दुसऱ्यात थालीपीठ. सावनीनं दोन्ही मांडीवर घेतले आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा घास खायला लागली. गाडी फाटकाबाहेर पडली तशी ती थांबली, तोंड भरलेलंच.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "मला दोन्ही आवडतं. पण बाबा, तुझ्या पोह्यात मीठ कमी असतं. आणि आई, तुझं थालीपीठ कडेला करपतं, रोज करपतं."

तिनं कुणी रागावतंय का ते पाहिलं. कुणी रागावलं नाही. मग ती सुरूच झाली. दप्तर उशाशी का ठेवते ते, गेटवरच्या त्या दोन तासांत किती गाड्या मोजल्या ते, विज्ञानाच्या बाई कशा नाकात बोलतात ते, उंच पोरीचा हात वेणीला कसा लागणार होता ते, बाबाच्या नव्या पडद्यांचा रंग किती घाणेरडा आहे ते, आईनं फोनवर मावशीला काय सांगितलं ते. सगळं, एका दमात. सिडकोचा पहिला सिग्नल आला, गेला, तरी तिचं संपेना. मागं दोघं आईबाप दाटीवाटीत बसून एकच गोष्ट एकाच वेळी ऐकत होते.

सांडूकाकांना समोरचा रस्ता धूसर दिसत होता. ते नुसतं 'व्हय का' म्हणत गिअर बदलत राहिले.